आवाज गेला होता

पालीत येऊन तुम्ही "दादू कुठं राहतो?" असं विचारलंत तर पहिल्यांदा उलटा प्रश्न येईल, "कंचा दादू?" आणि मग तोच गावकरी हसून सांगेल, "मुंगीदादू व्हय? त्यो काय, शाळेच्या मागलं घर." आता ह्या माणसाचा मुंगीशी काडीचा संबंध नाही. वय बासष्ट. राजगडावर चढणाऱ्या पोरापोरींना घरी पिठलं-भाकरी खाऊ घालतो, थोडा भात लावतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गावानं नाव पाडलं की ते माणसाबरोबर सरणावरच जळतं. दादूचं नाव पडलं सत्त्याऐंशी साली, एका मंगळवारी. पाडलं कुणी, तर सख्ख्या चुलतीनं, बाळाबाईनं.

तेव्हा गावात टीव्ही एकच. शाळेच्या खोलीत लाकडी पेटीत कुलूपबंद असायचा, आणि कुलपाची किल्ली गुरुजींच्या जानव्याला. सगळीकडून डोंगर, त्यामुळं चित्र कधी धड यायचं नाही. एका लांब बांबूला अँटिना बांधून तो कौलांवर उभा केलेला, पण आज ज्या बाजूनं चित्र आलं त्या बाजूनं उद्या येईल तर शपथ. म्हणून कुणीतरी वर आढ्यावर बसून बांबू धरायचा आणि खालच्यांनी ओरडायचं, "आलं, आलं! गेलं! जरा गडाकडं फिरव! बास, आता हलू नको!" हे काम दादूकडं होतं. चोवीस वर्षांचा गडी, अंगानं काटक, झाडावर चढण्यात माकडाला मागं टाकणारा. लोकांनी नुसतं म्हटलं, "दाद्याच पाहिजे बाबा, दुसऱ्याच्या हाताला चित्र येतच न्हाई," की हा फुगून शिडीला लागायचा.

त्या वर्षी 'देवस्थळींची धाकटी' लागायची. दर मंगळवारी दिवेलागणीनंतर, तेरा मंगळवार. अख्खं गाव शाळेत. बाया पुढं, बाप्ये मागं, आणि दादू वर. आता गंमत बघा, ज्याच्या हातानं गावाला ती मालिका दिसली, त्यानं स्वतः तिचं एक चित्र पाहिलं नाही. पाहणार कसं? खाली उतरला की टीव्हीवर नुसत्या मुंग्या. त्यानं दोन कौलं सरकवून फट केली होती आणि तिला कान लावून तेरा मंगळवार काढले.

पण ऐकून ऐकून त्यानं सगळी माणसं उभी केली. घरातले सासरे, बोलायच्या आधी दोनदा खाकरणारे, ते त्याला भोरच्या बाजारातल्या गुळवाल्यासारखे दिसायचे. थोरला मुलगा नाकातून बोलायचा, म्हणून त्याला दादूनं लांब नाक दिलं. गणू नावाचा गडी होता, त्याला एकच वाक्य, "आलो मालक!" तो बुटका आणि डोक्याला मुंडासं. धाकट्या सुनेचा आवाज असा काही गोड, की तिला चेहरा द्यायचं दादूचं धाडसच झालं नाही. आणि सासूबाई? कडक, तोंडावर फाडकन बोलणाऱ्या. त्यांना दुसरा चेहरा शोभलाच नसता. दादूनं त्यांना बाळाकाकीचा चेहरा दिला, मोठ्या कुंकवासकट.

गोष्ट साधी. धाकटी सून भांडून घराबाहेर पडते आणि सासू म्हणते, "ह्या दारातून गेलीस तर परत पाऊल टाकायचं नाही." तेराव्या भागात धाकटी परत येते. दारावर थाप. गणू ओरडतो, "आलो मालक!" कडी वाजते. दार उघडतं. आता सासू काय म्हणते, घेते का हाकलते?

आणि तिथंच आवाज गेला.

निदान दादूला तरी असंच वाटलं. फटीतून एक शब्द येईना. त्यानं दोन श्वास वाट पाहिली, कान अजून आत घातला, काही नाही. म्हणाला, मेलं, लाट सरकली वाटतं. गावाचा शेवटचा भाग चुकायला नको म्हणून त्यानं घाईनं बांबू गडाकडं फिरवला. खालून एकच गिल्ला झाला, "गेलं! गेलं! आरं गेलं!" मग त्यानं बांबू इकडं फिरवला, तिकडं फिरवला. चित्र आलं तेव्हा एक बाई हवामान सांगत होती.

खाली उतरला तर बाळाबाई शिडीशी उभीच. "मेल्या, चित्र आरशावानी सोच्छ हुतं! त्वा बांबू का फिरवला?"

"काकी, आवाज गेला हुता."

"कुठं गेला हुता? आमी काय बहिरे हाय का? झोपला असशील! सासू दारात आली, आता त्वांड उघडणार, तवर तुज्या मुंग्या!" मग सगळ्या गावाकडं वळून तिनं ते नाव उच्चारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेरा मंगळवारांचं पुण्य दोन मिनिटांत वाहून गेलं.

शेवट काय झाला ते कुणालाच धड कळलं नाही. भोरला त्या दिवशी लाईट नव्हती. किकवीच्या पाहुण्यांनी सांगितलं, सासूनं दार लावून घेतलं. वेल्ह्याच्या एका मास्तरांनी सांगितलं, छे, घेतलं घरात. मालिका पुन्हा कधी लागली नाही. बाळाबाईचा ना किकवीवर विश्वास, ना वेल्ह्यावर. ती म्हणायची, "ज्येंनी केलं त्येंच्या तोंडून आईकंन तवा खरं." दादूनं एकदा सासूबाईंचं काम करणाऱ्या बाईंना कार्डही टाकलं, पत्ता लिहिला 'मोठं नाट्यगृह, पुणे'. ते कार्ड कुठं गेलं ते पोस्टालाच ठाऊक.

मग त्या मालिकेतलं एकेक माणूस जायला लागलं.

पहिले गेले सासरे. पेपरात फोटो आला, तर दादू म्हणाला, हे कोण? गोरे, चष्मेवाले, कुणी वकील असावेत असे. गुळवाल्याशी काही जमेना. त्यानं पेपर घडी करून ठेवला. पण संध्याकाळी बातम्यांत त्यांच्या कुठल्याशा नाटकाचा तुकडा दाखवला आणि ते बोलायच्या आधी दोनदा खाकरले. दादूच्या हातातला घास हातात राहिला. डोळ्यांना घळाघळा पाणी. बायको विचारायला लागली, मिरची लागली का? त्याला सांगताही येईना, की ज्याला जन्मात पाहिलं नाही अशा माणसासाठी मी रडतोय.

त्यानंतर थोरला गेला, मग सासूबाई गेल्या. दर वेळी दादूचं तेच. फोटो परक्याचा, आवाज घरचा. सासूबाईंच्या वेळी तर त्यानं विहिरीवर जाऊन डोक्यावरून चार बादल्या ओतून घेतल्या. बाळाबाईनं पाहिलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, "सुतक पाळतोस का काय? तुझ्या भावकीतली हुती व्हय ती?" पण त्या दिवशी तिच्या घरी पुरण शिजलं होतं आणि म्हातारीनं पोळीला हात लावला नाही. "आज ग्वाड नको वाटतंय," एवढंच म्हणाली.

दुःख व्हायचं, पण दादू काही सुतकी चेहऱ्याचा माणूस नव्हे. बांधावर बसला की त्याच्या मनात यायचं, ज्यांनी ही माणसं डोळ्यांनी पाहिली त्यांच्यासाठी ती म्हातारी झाली, केस गेले, काठी आली. माझ्यासाठी नाही. माझ्या कानात सासरे अजून तसेच खाकरतात, थोरला तसाच नाकातून बोलतो. ह्या माणसांनी कामं केली, लोकांचे मंगळवार गोड केले, पिकल्या वयात गेली. ह्यापरीस काय पाहिजे माणसाला? फक्त एक बोच होती. गेलेला प्रत्येक जण तो शेवट बरोबर घेऊन जात होता. बाळाबाई मालिकेतल्या पाच जणांची पाच बोटं पुढं करायची आणि एकेक दुमडायची. "दाद्या, बोटं सरत आली. एकानं बी सांगितलं न्हाई, सासूनं काय क्येलं. म्या बी आता आज हाय तर उद्या न्हाई. तुज्यापायी अर्धवट जाणार म्या." हसत म्हणायची, पण दादूला ते लागायचं. आवाज गेला होता हे त्यानं हजारदा सांगितलं असेल. गावानं हजारदा हसून सोडून दिलं होतं. बाळाबाईच्या आधी आपण गेलो किंवा आपल्या आधी ती गेली, तर हे खोटं म्हणूनच राहणार, ह्याचं त्याला फार वाईट वाटायचं.

यंदा भात काढणीला आला तेव्हा मोबाईलवर बातमी आली, धाकटी गेली. रजनी मुळगुंद त्यांचं नाव. दादूची सून स्नेहल मोबाईल घेऊन त्याच्याकडं आली. तिला सासऱ्याचं हे वेड ठाऊक होतं आणि बाकीच्यांसारखी ती हसायची नाही. दादूनं फोटोकडं बघायचं टाळलं. "आवाज हाय का त्यात?" म्हणाला. एका जुन्या मुलाखतीचा तुकडा होता. आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलत होत्या त्या. दादूनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "आता यकच बोट राह्यलं. गणू."

"कोण गणू, मामंजी?"

"गडी. 'आलो मालक.' दार त्येनंच उघडलं हुतं."

स्नेहल कामाला लागली. ती पोरगी एकदा हातात घेतलं की सोडायची नाही. रजनीबाईंच्या श्रद्धांजलीखाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं, ते ती भाकऱ्या थापता थापता वाचत गेली. तिसऱ्या दिवशी तिला एक ओळ सापडली. कुणी बाई लिहीत होती, 'माझ्या बाबांनी, एकनाथ वाळिंबकरांनी, ह्यांच्याबरोबर देवस्थळींची धाकटीमध्ये गणूचं काम केलं होतं.' स्नेहलनं त्या बाईला निरोप टाकला, नंबर मिळवला आणि वेळही ठरवली. रविवार, सकाळी अकरा.

आता फोन करायचा कुठून? पालीत रेंज म्हणजे नवसाची. दादूच्या घरात नाही, अंगणात नाही, ओट्यावर उभं राहिलं तर अर्धी दांडी. पण शाळेच्या छपरावर, म्हणाल तिथं, चार दांड्या! झालं. बासष्ट वर्षांचा दादू पुन्हा त्याच शाळेला शिडी लावून चढला. कौलं जाऊन पत्रे आले होते, एवढाच फरक. खाली स्नेहल शिडी धरून.

"मामंजी, आली का रेंज?"

"आली, आली!"

"मग आता हलू नका!"

दादूला हसू फुटलं. तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला आणि एक थकलेला, खोल आवाज आला. "हॅलो? कोण?"

दादूच्या अंगावर काटा उभा राहिला. "गणू! गणूच तुमी!"

पलीकडं म्हातारा आधी चमकला, मग इतका हसला की त्याला खोकला लागला. "अहो, अडतीस वर्षांत मला त्या नावानं हाक मारणारे तुम्ही पहिले. आणि आवाजावरून ओळखलंत? माझं वाक्य तरी किती होतं हो?"

"येकच. आलो मालक."

"शाबास. दिसायला कसा होतो सांगा बघू?"

"त्ये न्हाई सांगता यायचं. म्या तुमाला कदी बघितलंच न्हाई." आणि मग दादूनं सगळी हकिगत सांगितली. बांबू, फट, गुळवाला, मुंग्या. वाळिंबकर मधेमधे "अरे वा" म्हणत ऐकत राहिले. दादूनं शेवटी घसा साफ केला आणि विचारलं, "मालक, तेवडं सांगा. तुमी दार उघाडलं. मंग सासूबाई काय म्हनल्या?"

पलीकडं शांतता.

दादूनं मोबाईल कानावर दाबला. शब्द नाही. झालं, गेली रेंज! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तो दोन पावलं सरकला, गडाकडं वळला, हात उंच केला आणि फोन खरोखरच तुटला.

"हलू नका म्हनलं हुतं ना!" खालून स्नेहल ओरडली.

पुन्हा लावला. "अहो, कापलात का फोन?" वाळिंबकर विचारत होते.

"आवाज गेला हुता, मालक."

"आवाज कुठं गेला? मी गप्प होतो. आठवत होतो." आणि म्हातारा एकदम थांबला. "थांबा, थांबा. काय म्हणालात तुम्ही मघाशी? तेव्हाही आवाज गेला म्हणूनच बांबू फिरवलात?"

"व्हय. गाव इस्वास ठिवत न्हाई."

"दादूराव," वाळिंबकर हळू म्हणाले, "त्या शेवटात आवाज नव्हताच. दिग्दर्शक म्हणाला होता, दार उघडल्यावर कुणी एक शब्द बोलायचा नाही. संगीतही नको. लोक टीव्हीला चापट्या मारतील म्हणून आम्ही भांडलो त्याच्याशी. त्यानं ऐकलं नाही. मी दार उघडलं. सासूबाई सुनेकडं बघत राहिल्या. मग पाठ फिरवून आत गेल्या. लोकांना वाटलं, झालं, हाकलली. आणि त्या बाहेर आल्या त्या हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन. ओवाळला तिच्यावरून, टाकला बाहेर, पायांवर पाणी घातलं. बस. पावणेदोन मिनिटं, चिडीचूप."

दादू पत्र्यावर मटकन बसला. ऊन तापलं होतं, पत्रा पोळत होता, त्याला कळलंही नाही. रडू आणि हसू एकाच वेळी आलं. अडतीस वर्षं! म्हणजे खालच्या लोकांनी बघितलं आणि ऐकलं नाही. समोर चित्र असलं की कानाला कोण विचारतो? ऐकलं फक्त दादूनं, आणि त्यानं ते बिघाड म्हणून दुरुस्त करायला घेतलं.

"ऐकताय ना?" वाळिंबकरांनी विचारलं.

"आईकतोय. मालक, लई उपकार झाले."

"उपकार कसले? माझी माणसं सगळी गेली. त्या दाराबद्दल बोलायला कुणी उरलं नव्हतं. बरं वाटलं हो. पुढच्या रविवारीही करा फोन, पण एका जागी उभे राहा."

दादू शिडीवरून उतरला तो थेट बाळाबाईच्या घराकडं. म्हातारी ओट्यावर वाल सोलत बसली होती. चौऱ्याऐंशी वय, डोळे अधू, जीभ ठणठणीत.

"काय रं मुंग्या, छपरावर काय करत हुतास? ह्या वयात टकुरं फुटायचं!"

"काकी, गणूशी बोललो. ज्येनं दार उघाडलं त्येच्याशी."

बाळाबाईच्या हातातली शेंग थांबली. दादूनं अंगणात उभं राहूनच सगळं सांगितलं. दार, सासूचं बघणं, पाठ फिरवणं. तिथं बाळाबाई पुटपुटली, "हाकलली वाटतं रांडंनं." मग तांब्या आला, भाकरीचा तुकडा आला, ओवाळणं आलं. आणि मग दादूनं सगळ्यात शेवटी सांगितलं, "आनि काकी, ह्यात कुनी येक सबूद बोललं न्हाई. आवाज नव्हताच मुळी. म्या खोटं बोललो न्हवतो."

बाळाबाई त्याच्याकडं बघत राहिली. अधू डोळ्यांनी किती दिसत होतं देव जाणे, पण बराच वेळ बघत राहिली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, पाठ फिरवली आणि आत गेली.

दादूला वाटलं, झालं. म्हातारीला राग आला. इतकी वर्षं धरलेली गोष्ट कुणी हातातून काढून घेतली तर राग यायचाच. जावं झालं घरी. त्यानं पाय उचललाही, पण मग तो तसाच थांबला.

बाळाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात सकाळच्या भाकरीचा तुकडा. उंबऱ्याशी येऊन तिनं दादूला मानेनंच जवळ बोलावलं. तुकडा त्याच्या तोंडावरून तीनदा ओवाळला, अंगणात टाकला, कोंबड्या धावल्या. मग त्याच्या पायांवर पाणी घातलं. आयुष्यात एक मिनिट गप्प न बसलेली ती बाई, आणि तिच्या तोंडातून अक्षर नाही. दादूला त्या कडक सासूबाई पहिल्यांदा धडधडीत समोर दिसल्या, मोठ्या कुंकवासकट.

पाणी संपलं तरी म्हातारी काही बोलेना, तांब्या धरून तशीच उभी. दादूच्या गालांवरून आसवं वाहत होती. ती पुसायलासुद्धा त्यानं हात हलवला नाही.